डबा रिकामा का द्यायचा नाही

प्रिय चिनू,

परवा गाडीत तू विचारलंस आणि मी "घरी गेल्यावर सांगते" म्हणून वेळ मारून नेली. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना झुडपांची उंच कुंपणं, समोरून ट्रॅक्टर आलेला आणि दुपारी चारलाच अंधार. म्हणून आता नीट लिहून देते. मराठीतूनच लिहितेय, अडलं तर बाबाला विचार.

तुझा प्रश्न असा होता : "त्या आजी म्हणाल्या, याची काही गरज नव्हती. मग तू त्यांच्या डब्यात लाडू भरून का दिलेस? नुसता धुऊन दिला असता तर चाललं नसतं का?"

चाललं असतं. त्यांना काही वाटलंही नसतं. मला मात्र करवलं नसतं.

आधी तो डबा आला कसा ते आठव. डिसेंबरच्या चोवीस तारखेची संध्याकाळ. इंग्लंडमधल्या पेंब्रिज गावाजवळच्या त्या भाड्याच्या घरात सामान टाकून तासही झाला नव्हता. दार वाजलं, बाहेर शेजारच्या आजी. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात लाल पत्र्याचा डबा, आणि डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी : यात गाईची चरबी नाही, वनस्पतीची घातली आहे. आत कोमट मिन्स पाय, म्हणजे सारण भरलेलं नाताळचं छोटं गोड पक्वान्न. तू नावावरून खिमा समजलास, ते अगदीच चूक नव्हतं. पूर्वी त्यात खरोखर मांस असायचं. आता मनुका, बेदाणे, सफरचंद, मसाले आणि चरबी असते, आणि ती चरबी परंपरेनं गाईची. कोण कुठली माणसं चार दिवसांसाठी राहायला येणार, ती भारतातली आहेत एवढंच त्यांना घरमालकाकडून कळलेलं. तेवढ्यावरून त्यांनी आपण काय खात असू, काय नसू याचा विचार केला होता. ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे.

पंचवीस तारखेला तर सगळंच बंद. इंग्लंडमध्ये त्या दिवशी मोठी दुकानं उघडायला कायद्यानंच बंदी आहे. आगगाड्या नाहीत, गावात चिटपाखरू नाही. आपण चर्चपर्यंत चालत गेलो. तिथला घंटेचा मनोरा चर्चला जोडलेला नाही, बाजूला वेगळाच उभा आहे. तो पाहून तू म्हणालास, हा एकटा का? मला मात्र देवळापुढची दीपमाळ आठवली. तीही अशीच सुटी उभी असते.

डबा परत द्यायचा म्हटल्यावर माझ्याकडे होतं काय, तर पिठल्यासाठी आणलेलं बेसन आणि चहासाठी आणलेले वेलदोडे. पिठीसाखर कपाटात सापडली. फ्रिजमधलं लोणी कढवून तूप केलं. तू स्टुलावर उभा राहून उलथनं धरलं होतंस आणि दर दोन मिनिटांनी विचारत होतास, "झालं?" बेसनाला घाई चालत नाही. आच मंद ठेवायची. आधी ते गोळा होऊन हाताला जड लागतं, मग तूप सुटून सैल पडतं, आणि मग तो वास येतो. त्यावर दुधाचा हबका मारला तेव्हा भस्सकन फसफसलं आणि तू मागे सरकलास. त्यानं लाडू रवाळ होतात. सव्वीस तारखेला आपण डबा घेऊन गेलो आणि आजी म्हणाल्या, "याची काही गरज नव्हती."

आता हे बघ, आपल्याकडेही हेच म्हणतात. "कशाला एवढं?" "उगीच कशाला त्रास?" दिवाळीत फराळाचं ताट शेजारी गेलं की दारातच हे वाक्य ऐकू येतं. त्याचा अर्थ नको असा नसतो. आजींचाही नव्हता. त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला होता, तू पाहिलंस ना? फराळाचं ते ताट मग शेजाऱ्यांच्या घरच्या चकल्या घेऊन परत येतं. घरात काहीच नसेल तर भांड्यात चिमूटभर साखर घालून देतात, पण रिकामं देत नाहीत. हे मला कुणी बसून शिकवलं नाही. मी ते एकदा पाहिलं.

तेव्हा मी तुझ्याएवढी होते, नऊ वर्षांची. आमचं गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारी आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीची माळवदं. ती झोपलेल्या माणसांवर कोसळली. जवळपास १०,००० माणसं गेली. आमचं गाव थोडं लांब होतं, म्हणून आम्ही वाचलो. घराच्या दोन भिंती गेल्या. मग शेतात ताडपत्रीखाली राहायला आलो, वरून पाऊस.

कुठून कुठून लोक भाकरी पाठवत होते. एका टेम्पोतून एक पितळी डबा आमच्याकडे आला. फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि खाली शेंगदाण्याची चटणी. कुणाच्या घरचा, कोणत्या गावचा, काही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पो भांडी न्यायला आला. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, तीन दिवस कुणाशी बोललेली नव्हती. तिची बहीण किल्लारीत होती. आजी उठली, डबा राखेनं घासला, पदरानं आतून कोरडा केला. मग कोपऱ्यातल्या पोत्यात हात घालून ओंजळभर मूग काढले. नुकतेच झोडपून झालेले, त्या वर्षीचे. ते डब्यात टाकले आणि झाकण लावलं. टेम्पोवाला म्हणाला, "मावशी, कशाला? राहू द्या तुम्हालाच." आजी म्हणाली, "रिकामा नेऊ नको बाबा."

चिनू, मला वाटतं त्या ओंजळभर मुगांनी आजी पुन्हा घरधनीण झाली. तोवर आम्ही सगळे नुसते घेणारे होतो. मदत घ्यावी लागली याची तिला लाज नव्हती, पण घेणाऱ्याचा हात सारखा खालीच राहावा हे तिला सोसत नव्हतं. आणि डबा पाठवणाऱ्या बाईला तिच्या गावी तो उघडल्यावर मूग दिसले असतील, तेव्हा भाकरी पोचल्याचं कळलं असेल. बाकी निरोप पाठवायला दुसरं साधन नव्हतं.

म्हणून ही परतफेड नव्हे. परतफेडीत हिशोब मिटतो, आणि इथं तो मिटवायचाच नसतो. डबा जात-येत राहायला हवा.

तू बॉक्सिंग डेचं विचारलं होतंस, तेही इथंच सांगते, कारण आपण लाडू दिले तो दिवस तोच. मुष्टियुद्धाशी त्याचा संबंध नाही. नोकरचाकर, निरोपे, दुकानातली पोरं यांना वर्षाच्या कामाबद्दल नाताळात पैसे द्यायची इथं जुनी रीत, त्याला ख्रिसमस बॉक्स म्हणत. आपल्याकडे पोस्टमनला, कामवाल्या मावशींना दिवाळीत देतात ना, ती पोस्त. अगदी तेच. (आणि नाताळ हा शब्द आपल्याला पोर्तुगिजांकडून मिळाला, हे तुझ्या वर्गात सांग.)

लाडू खाता खाता आजींनी वासेलचं सांगितलं, ते मला फार आवडलं. जानेवारीत सफरचंदाच्या बागेत जाऊन झाडाच्या मुळाशी सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, ओततात, फांदीवर भिजवलेला पाव ठेवतात, गाणी म्हणतात, म्हणजे पुढच्या वर्षी झाड लगडतं. मी त्यांना आमची येळवस सांगितली. मार्गशीर्षातल्या अमावस्येला अख्खं गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पांडवांची पूजा, भज्जी आणि बाजरीचे उंडे, आणि उभ्या ज्वारीत ताकातली आंबील शिंपत फिरायचं. वाटसरूलाही हाक मारून जेवायला बसवायचं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हीही पिकाला पाजता!" हो, पाजतो.

निघताना तो लाल डबा पुन्हा आपल्या पायरीवर होता, हे तू पाहिलंच. आत घरच्या बागेतली चार सफरचंदं आणि पांढऱ्या मण्यांची एक डहाळी. माझ्या तोंडून पटकन "बांडगूळ!" निघालं आणि बाबा हसला. मराठीत ती शिवी आहे, फुकट खाणाऱ्याला म्हणतात. इथं तसलीच वनस्पती, मिसलटो, नाताळात दारावर टांगतात, टेनबरी वेल्स गावात तर तिचा लिलाव भरतो. आपणही ती टांगली आहे.

डबा मी ओट्यावर धुऊन पालथा घातलाय. संक्रांत १४ जानेवारीला आहे. तीळ आणि चिक्कीचा गूळ आणलाय. शनिवारी वड्या करू, टपालानं पाठवायच्या तर आतून कागद लावावा लागेल, तो तू कापायचास. चिठ्ठीही तूच लिही. यात काय काय आहे ते सगळं लिही, जसं त्यांनी लिहिलं होतं.

तुझी,
आई