चित्रपट आणि मालिकांमध्ये पिनबॉल मशीन कुठे कुठे दिसतं? आणि दिग्दर्शकांना त्याचं एवढं काय आवडतं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, मग पहिल्याचं आपोआप लागेल.

दिग्दर्शकाला पिनबॉल (काचेखालच्या उतरत्या मैदानावर पोलादी चेंडू बटणांनी उडवत ठेवायचा खेळ) खेळ म्हणून फारसं आवडत नाही. त्याला आवडतं ते हे, की पात्राच्या हातांना काम मिळतं आणि डोळ्यांना दुसरीकडे बघायला निमित्त. समोरचा माणूस कळवळून काहीतरी सांगतोय आणि आपला नायक 'हं, हं' करत दोन्ही बाजूंची बटणं दाबतोय, एवढ्यावर त्या नात्यात काय उरलंय ते प्रेक्षकाला कळतं. संवादाची दोन पानं वाचतात. शिवाय यंत्राला स्वतःचा उजेड असतो, तो खालून चेहऱ्यावर पडतो, लुकलुकतो. छायालेखकाला फुकटची प्रकाशयोजना.

पण खुद्द खेळ पडद्यावर दाखवणं महाकठीण. मी शिकागोजवळ राहतो (गॉटलिब, बॅली, विल्यम्स, स्टर्न हे या धंद्यातले सगळे मोठे कारखाने याच भागातले) आणि माझ्या तळघरात सत्तरच्या दशकातलं एक मशीन आहे. घरच्यांचा खेळ चित्रित करायला गेलं की अडचण लगेच लक्षात येते. खेळणारा खाली बघत असतो. मैदान त्याच्याकडे साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, वर काच, आणि पलीकडच्या टोकाला गुणांची उभी पेटी. चेहरा हवा असेल तर कॅमेरा त्या पेटीशेजारी कुठेतरी दडपावा लागतो, मग चेंडू दिसत नाही. चेंडू हवा असेल तर खेळणाऱ्याच्या खांद्यावरून बघा, मग चेहरा गेला. वर काचेत दिवे दिसतात, आणि कॅमेरा धरलेले तुम्हीही दिसता. चेंडू 27 मिलिमीटर व्यासाचा, चकचकीत पोलादाचा. जरा वेग घेतला की चौकटीत नुसती रेघ.

म्हणून माझं मत असं की पिनबॉलवरचे चित्रपट बहुतेक फसतात आणि पिनबॉल कोपऱ्यात ठेवणारे जमतात. 1979 सालचा 'टिल्ट' घ्या. ब्रुक शील्ड्स घरातून पळालेली, पिनबॉलमध्ये पटाईत पोर झाली आहे आणि चार्ल्स डर्निंग तिचा प्रतिस्पर्धी. कल्पना झकास, पण खेळ सुरू झाला की चेहरा, चेंडू, चेहरा, चेंडू असे तुकडे जोडत बसावं लागतं आणि कोण जिंकतंय हे गुणांच्या आकड्यांवरूनच समजून घ्यावं लागतं.

याउलट फ्रेंच मंडळी. पन्नास-साठच्या दशकात पॅरिसच्या कॅफेत ही यंत्रं जागोजागी होती, त्यामुळे 'नव्या लाटे'च्या, म्हणजे त्या काळच्या प्रयोगशील तरुण फ्रेंच दिग्दर्शकांना ती मुद्दाम आणून ठेवावी लागली नाहीत. त्रुफोच्या 1959 च्या 'द फोर हंड्रेड ब्लोज'मध्ये शाळेला दांडी मारलेली दोन पोरं पिनबॉल खेळतात. तिथे गुण किती झाले याला काही महत्त्व नाही. दप्तर बाजूला आहे आणि दुपार मोकळी आहे, एवढंच. गोदारच्या 'विव्र सा वी'ची (1962) सुरुवात तर मला पिनबॉलचा सिनेमातला सर्वोत्तम वापर वाटते. कॅफेत नाना आणि तिचा नवरा पॉल बोलत बसलेत, दोघांची पाठ आपल्याकडे. संसार मोडल्याचं बोलणं पाठमोरंच ऐकू येतं. ते आटोपल्यावर दोघं उठून काय करतात, तर पिनबॉल खेळतात! न रडारड, न दार आपटणं. कुणाला हे थंडपणाचं लक्षण वाटेल. मला वाटतं, बोलण्यासारखं सगळं संपल्यावर एकमेकांशेजारी उभं राहायला त्यांना ते यंत्र लागलं.

मग 'टॉमी'चं काय, असं तुम्ही विचारालच. द हू या बँडचा 1969 चा रॉक ऑपेरा, त्यावरून केन रसेलने 1975 मध्ये काढलेला चित्रपट. नायक आंधळा, बहिरा, मुका आणि पिनबॉलचा बादशहा. वर सांगितलेली अडचण इथे एका फटक्यात सुटते: नायकालाच चेंडू दिसत नाही म्हटल्यावर आपल्यालाही तो दिसायलाच हवा असा आग्रह कोण धरणार? नायक झालेला रॉजर डॅल्ट्री शून्यात बघत खेळतो, समोर एल्टन जॉन माणसाच्या उंचीला टक्कर देणारे प्रचंड बूट घालून पियानोच्या पट्ट्या बसवलेल्या मशीनवर थयथयाट करतो, आणि आपण त्या जत्रेकडेच बघत राहतो. गंमत म्हणजे मूळ आराखड्यात पिनबॉल नव्हतंच. पीट टाउनशेंडने कच्चं काम निक कोन या समीक्षकाला ऐकवलं, ते त्याला फार जड वाटलं. कोन पिनबॉलवेडा होता. टाउनशेंडने नायकाच्या हाती पिनबॉल दिलं, आणि सगळ्यात गाजलं ते पिनबॉलवरचंच गाणं.

बॅली कंपनीने ही संधी सोडली नाही. 1975 मध्येच 'विझार्ड!' हे यंत्र आलं, गुणांच्या पेटीच्या काचेवर डॅल्ट्री आणि चित्रपटात त्याची आई झालेली अ‍ॅन-मार्गरेट. 10,005 यंत्रं बनली. पुढच्या वर्षी एल्टन जॉनचं 'कॅप्टन फँटास्टिक', 16,155. तोपर्यंत पिनबॉलच्या काचेवर पत्ते, काउबॉय, सर्कस असले विषय असत. इथून सिनेमाने पिनबॉल दाखवण्यापेक्षा पिनबॉलने सिनेमा दाखवण्याचा धंदा जोरात सुरू झाला. त्याचा कळस म्हणजे 1992 चं 'द अ‍ॅडम्स फॅमिली', त्याच नावाच्या चित्रपटावरून पॅट लॉलरने रचलेलं. चित्रपटातल्या राऊल जुलिया आणि अँजेलिका ह्यूस्टन यांनी या यंत्रासाठी वेगळे संवाद ध्वनिमुद्रित केले, आणि पेटीतून चित्रपटातला तो तुटका हात बाहेर येऊन चुंबकाने चेंडू उचलून नेतो. 20,270 यंत्रं. चित्रपट विसरलेली माणसं मला भेटली आहेत, यंत्र विसरलेला एकही नाही. त्याच्या आदल्या वर्षीच्या 'टर्मिनेटर 2' यंत्रात चेंडू सोडायला ओढायचा दांडा नाहीच. बंदुकीची मूठ आहे, चाप ओढायचा.

मालिकांमध्ये सगळ्यात सरस काम केलं ते लहान मुलांच्या 'सेसमी स्ट्रीट'ने. सत्तरच्या दशकातली ती छोटी चलचित्रं, जेफ हेलची रेखाटनं आणि पॉइंटर सिस्टर्सचा आवाज, दोनपासून बारापर्यंत एकेका आकड्यासाठी एकेक. तिथे माणूसच नाही. चेंडू धावतो आणि आपण त्याच्यामागे यंत्राच्या पोटात फिरतो. चेहरा गाळला आणि प्रश्न मिटवला! 'हॅपी डेज'मध्ये मात्र गंमत आहे. गोष्ट पन्नासच्या दशकातल्या मिलवॉकीची आणि अर्नोल्डच्या हॉटेलात उभं आहे बॅलीचं 'निप-इट', 1973 सालचं. मालिकेतला फॉन्झी वीस वर्षं पुढचं यंत्र खेळतोय आणि कुणाला पत्ता नाही. एनबीसी वाहिनीवर 1975-76 मध्ये 'मॅग्निफिसंट मार्बल मशीन' नावाचा स्पर्धेचा कार्यक्रमही होता, त्यात अवाढव्य पिनबॉल उभं केलेलं. कल्पना मोठी, खेळ छोटा. सोडून द्या.

अशा चुका पकडायच्या असतील तर एक सोपी खूण. चेंडू मारणारी पाती, म्हणजे फ्लिपर, पिनबॉलमध्ये 1947 मध्ये गॉटलिबच्या 'हम्टी डम्टी'त पहिल्यांदा आली. त्याआधी चेंडू सोडायचा आणि यंत्राला धक्के देत बसायचं. आपल्याकडच्या खिळे ठोकलेल्या बगॅटेलच्या पाटीचाच थोरला भाऊ. तेव्हा तीसच्या दशकातल्या गोष्टीत कुणी बटणं दाबून चेंडू उडवताना दिसला, तर समजा कलादिग्दर्शकाने गृहपाठ केलेला नाही. दुसरी खूण आवाजाची. सत्तरच्या मध्यापर्यंतच्या यंत्रात आवाज खऱ्या धातूच्या पट्ट्यांचा आणि घंट्यांचा; फुकटचा डाव मिळाला की आत हातोडीसारखा ठोका बसतो, तो पलीकडच्या खोलीतही ऐकू जातो. संकलनाच्या टेबलावर त्याजागी सर्रास व्हिडिओ गेमचे 'पियाँव पियाँव' डकवले जातात. मला ते ऐकून दाढ दुखते.

तिसरी खूण जागेची. न्यूयॉर्कमध्ये महापौर ला ग्वार्डियाने 1942 मध्ये पिनबॉलवर बंदी आणली. हा जुगार आहे, पोरांचे पैसे लुटले जातात, असं म्हणणं. पोलिसांनी घणाने यंत्रं फोडली, त्याचे फोटो काढून घेतले. बंदी 1976 पर्यंत टिकली. तेव्हा त्या काळातल्या न्यूयॉर्कच्या गोष्टीत यंत्र उघडपणे उभं दिसलं, तर शंका घ्या. यंत्रं बनवणाऱ्या शिकागोतही बंदी होतीच! पिनबॉल खेळणारा पडद्यावर नेहमी जरासा वाया गेलेला का असतो, याचं अर्धं उत्तर इथे आहे. अमेरिकेत दोन-तीन पिढ्यांना ते यंत्र म्हणजे गल्लीतला मवाली हेच शिकवलं गेलं होतं.

ही बंदी उठल्याची गोष्ट 2022 च्या 'पिनबॉल: द मॅन हू सेव्हड द गेम'मध्ये आहे. रॉजर शार्प हा मासिकात काम करणारा तरुण शहर परिषदेपुढे यंत्र मांडतो, हा नशिबाचा नाही तर कौशल्याचा खेळ आहे हे दाखवायला सांगतो की आता चेंडू वरच्या मधल्या वाटेने जाईल, दांडा ओढतो, आणि चेंडू तिथूनच जातो. वर म्हटलं की पिनबॉलवरचे चित्रपट फसतात. हा फसत नाही, कारण कळसाला एकच चेंडू आहे, एकच फटका आहे आणि तो कुठे जायला हवा हे आपल्याला आधीच माहीत आहे. शिवाय चित्रपट मुळात शार्पच्या प्रेमकथेत जास्त रमतो, तेही बरंच. पुढे याच शार्पने विल्यम्समध्ये चित्रपटांचे हक्क मिळवण्याचं काम केलं.

एक उदाहरण जड मनाने देतो. 'द अ‍ॅक्यूज्ड' (1988), जोडी फॉस्टरला ऑस्कर मिळालेला. 1983 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डच्या बारमध्ये एका स्त्रीवर बिलियर्डच्या टेबलावर सामूहिक बलात्कार झाला होता. चित्रपट त्या घटनेवरून सुचलेला आहे, आणि त्यात टेबलाच्या जागी पिनबॉल मशीन आहे. बघताना मला पहिल्यांदा वाटलं, हा बदल कशाला? पण ते यंत्र पुरुषांच्या घोळक्याने, त्यांच्या आरडाओरड्याने वेढलेलं असतं, आणि बघे जे करतात ते खेळाला उत्तेजन दिल्यासारखंच करतात. मुळात बघ्यांचा गुन्हा हाच त्या चित्रपटाचा खटला आहे. पिनबॉलची दृश्यं गोळा करायची म्हणून हा चित्रपट लावू नका. बघायचा तर मन घट्ट करून बघा.

तुम्ही विंडोज एक्सपीवर 'स्पेस कॅडेट' हा पिनबॉलचा खेळ खेळला असाल आणि खरं यंत्र कधी पाहिलं नसेल, तर चित्रपटांआधी 2009 चा 'स्पेशल व्हेन लिट' हा माहितीपट बघा. त्यात यंत्राची झाकणं उघडून आतला तारांचा गुंता दाखवला आहे आणि संग्राहक मंडळी मनमोकळं बोलतात. त्यानंतर 'विव्र सा वी'ची पहिली दहा मिनिटं, मग 'टॉमी'. 'टिल्ट' पावसाळ्यातल्या रविवारी, दुसरं काहीच नसेल तर.