वाचकांचे प्रश्न : चार्ली चेसचे मोठेपण

प्रश्न : मी ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो आणि अलीकडे दोन टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड वाजवण्याच्या यंत्रांवर, हात बसवतो आहे. जुन्या हिप-हॉपमधील चार्ली चेस या पोर्तो रिकन (पोर्तो रिको या स्पॅनिशभाषक कॅरिबियन बेटाच्या) वंशाच्या डीजेचे नाव वारंवार कानावर येते. परंतु त्याच्या गटाच्या रेकॉर्ड थोड्या आहेत आणि त्यांत लॅटिन संगीतही ठळकपणे ऐकू येत नाही. मग त्याचे मोठेपण कशात आहे?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : चार्ली चेसची कारकीर्द रेकॉर्डपेक्षा कार्यक्रमांत घडली. ‘कोल्ड क्रश ब्रदर्स’ या गटात तो टोनी टोनच्या जोडीने डीजे होता आणि ग्रँडमास्टर कॅझ हा गटाचा प्रमुख रॅपर होता. ‘वीकेंड’ ही रेकॉर्ड 1982 मध्ये व ‘पंक रॉक रॅप’ 1983 मध्ये निघाली, पण गटाची कीर्ती त्याआधीच कार्यक्रमांच्या कॅसेटवरून पसरली होती. 1981 मध्ये न्यूयॉर्कच्या ‘हार्लेम वर्ल्ड’ या क्लबमध्ये ‘फॅन्टॅस्टिक रोमँटिक फाइव्ह’ या गटाशी झालेल्या रॅपच्या सामन्यात श्रोत्यांनी कौल प्रतिस्पर्ध्यांना दिला, तरी त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण आजही आवडीने ऐकले जाते.

आता लॅटिन संगीताविषयी. कूल हर्क या डीजेने ऑगस्ट 1973 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात जी पार्टी केली, तिच्यापासून हिप-हॉपचा आरंभ मानतात. गाण्यातील केवळ तालवाद्यांचा तुकडा, म्हणजे ब्रेक, एकाच रेकॉर्डच्या दोन प्रतींवर आलटून पालटून लांबवायचा, हे हर्कचे तंत्र पुढे सर्वांनी उचलले. आणि या डीजेंचे लाडके ब्रेक पाहिले, तर ‘अपाचे’ या रेकॉर्डमध्ये बोंगो आणि जिमी कॅस्टर बंच या गटाच्या 1972 मधील ‘इट्स जस्ट बिगन’मध्ये टिम्बालेस ही लॅटिन तालवाद्ये वाजतात. म्हणजे लॅटिन ताल हिप-हॉपच्या पायातच होता, तो कोणी नंतर वरून चढवला नाही. चेस डीजे होण्यापूर्वी बास गिटार वाजवत असे, त्यामुळे हे त्याच्या कानाला सहज उमगले असावे. पोर्तो रिकन मुलाचे या पार्ट्यांत काय काम, असे विचारणाऱ्या श्रोत्यांसमोर तो सालसा या लॅटिन नृत्यसंगीताचे बासवादक बॉबी व्हॅलेंटिन यांच्या रेकॉर्डमधील तुकडा ओळख न देता मिसळत असे, आणि लोक त्यावर नाचत असत. गायकाचा स्पॅनिश आवाज येण्याआधीच तो पुढच्या रेकॉर्डवर जाई. माझ्या मते त्याची खरी कर्तबगारी हीच आहे, कारण आपल्या घरचे संगीत मिरवण्याऐवजी त्याने त्यातला नेमका कामाचा भाग निवडला, आणि अशी निवड करायला कान तयार असावा लागतो.

आपण ताशा वाजवता, म्हणून आपल्याला हे अधिक लवकर समजेल. टिम्बालेस हेही धातूच्या अंगाचे, बारीक काठ्यांनी वाजणारे, गर्दीच्या वर चढणारे वाद्य आहे. नाशिक ढोलाचे पूर्ण वादन हिप-हॉपच्या तालावर चढवले, तर ढोलाचा टोल आणि बास ड्रम एकमेकांना झाकून टाकतील. म्हणून जिथे ढोल थांबून ताशाची तर्री, म्हणजे काठ्यांचा जलद सलग नाद, एकटी उरते, तेवढाच तुकडा पथकाच्या सरावात वेगळा ध्वनिमुद्रित करा. तो ठरलेल्या लयीत वाजवून घ्या, कारण मिरवणुकीत लय चढत जाते आणि तसा तुकडा फिरवून जोडताना प्रत्येक फेरीत सांधा उघडा पडतो. आरंभी चार मात्रांचा एकच तुकडा पुरे.