यंत्रमागाचा नायलॉन बुश शाबूत असताना पोलादी शाफ्टवरच चरे का पडतात?

नायलॉनच्या बुशात, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीसारख्या अस्तरात, रुतून बसलेले धुळीचे कठीण कणच बहुधा शाफ्ट झिजवत असतात. नायलॉनसारखा मऊ पॉलिमर (प्लास्टिक) दाबाखाली दबतो, टोकदार कण त्यात अर्धा गाडला जातो आणि बाहेर राहिलेले टोक समोरचा पृष्ठभाग कानशीसारखे घासते. धुळीतल्या क्वार्ट्झची (वाळूतील खनिजाची) कठीणता मोह्‌ज मापावर (कठीणतेची 1 ते 10 अशी श्रेणी) 7 असल्याने साधे पोलाद त्यापुढे टिकत नाही. झीजशास्त्रातील प्रयोगांत काटकोनात आदळणारे कण पॉलिमरमध्ये इतके रुततात की नमुन्याचे वजन सुरुवातीला वाढलेलेही दिसते. तिरपे येणारे कण मात्र पॉलिमरलाच खरवडून नेतात. म्हणून सोलापूरच्या कोरड्या, धुळीच्या हवेत नवा शाफ्ट जुन्याच बुशात बसवणे व्यर्थ ठरते. अर्थात बुश काचतंतूमिश्रित नायलॉनचा असल्यास चरे त्या तंतूंमुळेही पडू शकतात, तेव्हा त्याची आतली बाजू आधी भिंगाखाली तपासावी.