मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर गाडी जिथून बाहेर जाते ते भोक कसं लपवावं? बोगदा करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लेआउट सात फूट लांब, दीड फूट रुंद, एचओ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या एक सत्त्याऐंशीअंश. मधे लहानसं स्टेशन. दोन्ही टोकांना उभी फळी, आणि फळीला पाडलेल्या भोकातून गाडी पलीकडच्या फिडल यार्डात, म्हणजे देखाव्याबाहेर गाड्या उभ्या करायच्या जागेत जाते. देखावा सोलापूर-कुर्डुवाडी पट्ट्यातला. भोकं उंदराच्या बिळासारखी दिसतात, म्हणून त्यांच्यावर बोगदे बसवायचा विचार चाललाय. मी सोलापुरातच राहतो आणि गेली काही वर्षं याच मुलखाचा लेआउट बांधतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

बोगदा करू नका. आपल्या बाजूला बोगदा शोभतच नाही. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे रूळ १८६० साली सोलापुरात पोचले तेव्हा बोरघाटाचं काम अजून चालूच होतं, घाट १८६३ साली खुला झाला. म्हणजे सोलापूरने गाडी आधी पाहिली आणि बोगद्यांची वाट नंतर मोकळी झाली. इथे काळी जमीन, लांबवर दिसणारं सपाट रान, मधेच एखादा ओढा. जिथे रूळ जमिनीच्या खाली उतरतात तिथे फार तर कटिंग, म्हणजे उघडा खणलेला चर असतो. इंजिनिअर लोक टेकडी पोखरतात ती उघडं खोदणं परवडत नाही तेव्हा. चार इंच उंचीच्या टेकाडाला बोगदा लावला की बघणाऱ्याला कारण सांगता येत नसलं तरी काहीतरी खोटं आहे हे लगेच कळतं. मी पहिल्या खेपेला हेच केलं होतं. तारेची जाळी, वर पीओपी, छान दगडी कमान. आमच्या शेजारचे निवृत्त ड्रायव्हर काका बघायला आले आणि त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "हा कुठला घाट घेतलाय?" त्याच आठवड्यात मी तो डोंगर काढून टाकला.

मग मी एक केलं, ते तुम्हीही करा. प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून होटगीकडे निघालेली मालगाडी शेवटपर्यंत बघितली. ती एकदम कुठे घुसत नाही. आधी सिग्नलचा खांब मधे येतो, मग कडुनिंब, मग कुठल्याशा केबिनची भिंत. मधेच दोन डबे परत दिसतात. मग पुलाची सावली, आणि शेवटी फक्त मागचा डबा. गाडी तुकड्यातुकड्याने डोळ्याआड होते. आपण मात्र सगळा जोर त्या एका भोकावर लावतो आणि ते आणखीच उठून दिसतं. तेव्हा भोकाचा विचार थोडा बाजूला ठेवा आणि त्याच्या अलीकडच्या दोन फुटांत काय काय उभं करता येईल ते बघा.

मेन लाइनसाठी आपल्याकडे सगळ्यात खरी वाटणारी वस्तू म्हणजे रुळांवरून जाणारा रस्त्याचा पूल. काळ्या दगडाचे खांब, वर गर्डर, कठड्याला रंगाचे पोपडे. असे पूल सोलापूरकराने लहानपणापासून पाहिलेत, त्यामुळे त्याचं डोकं तिथे शंका घेत नाही. पूल फळीला चिकटवू नका, आठ-दहा सेंटिमीटर अलीकडे ठेवा. पूल आणि फळी यांच्या मधल्या जागेतही खडी, रूळ, बाजूची भिंत सगळं पूर्ण करा, फक्त रंग क्रमाने गडद करत न्या. भोकाच्या कडा आणि पलीकडचा पहिला वीतभर भाग मॅट काळा. चमकणारा ऑइल पेंट चालणार नाही, तो दिवा पकडतो.

आता एक बारकावा. बघणारा लेआउटच्या मधोमध उभा असतो, म्हणजे टोकाचा पूल त्याला तिरका दिसतो. त्याची नजर पुलाखालून मागच्या बाजूच्या भिंतीवर जाते, समोरच्या भोकावर नाही. म्हणून पूल रुळाला काटकोनात न घेता थोडा तिरपा घ्या, असा की बघणाऱ्याच्या बाजूचा खांब पुढे येईल. त्याला लागून मातीचा भराव, भरावावर एक बाभूळ. रूळही शेवटच्या फूटभरात मागच्या बाजूला किंचित वळवा. एवढ्याने नजरेची सरळ रेघ तुटते आणि अर्धं काम होतं.

वळण घेतलं की माप नीट काढावं लागतं. आयसीएफचा, म्हणजे जुन्या घडणीचा डबा २१.३ मीटर लांब, म्हणजे एचओत साधारण २४५ मिलिमीटर, आणि त्याच्या दोन बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या गाड्यांच्या) मध्यांमधलं अंतर १७० मिलिमीटर. वळणावर डब्याचं पोट आत येतं आणि कोपरे बाहेर जातात. ६० सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर पोट सुमारे ६ मिलिमीटर आत, कोपरे साडेसहा मिलिमीटर बाहेर. डब्याची रुंदी ३७ धरली तर एकूण ५० मिलिमीटर झाले. दोन्हीकडे पाच-पाच मोकळे सोडून एकेरी लाइनला ६० मिलिमीटर रुंदी ठेवा. नव्या घडणीचा एलएचबी डबा लांबीला जास्त आहे, २७० मिलिमीटर, त्यामुळे त्याचे कोपरे आणखी बाहेर जातात. तो चालवणार असाल तर बाहेरच्या बाजूला अजून पाच द्या. उंचीचं म्हणाल तर डिझेलसाठी ६० पुरे, पण वरची तार आणि पेंटोग्राफ (तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा) उठवलेलं इंजिन दाखवायचं असेल तर रुळाच्या माथ्यापासून ७५ ठेवा. हिशोबावर विश्वास नसेल तर सगळ्यात लांब डब्याच्या पोटाला आणि कोपऱ्यांना पेन्सिलीची शिसं टेपने लावा आणि डबा हाताने ढकलत न्या. कागदावर उमटलेली रेघ कधी खोटं बोलत नाही.

मी पूल बसवताना हे केलं नव्हतं. सुंदर झालेला पूल फेविकॉलने पक्का केला, आणि पहिल्याच दिवशी चौथा डबा खांबाला घासून रुळावरून उतरला, तोही आत, हात पोचणार नाही अशा जागी. पूल फोडावा लागला. तेव्हापासून टोकावरची कुठलीही इमारत मी चिकटवत नाही. खाली दोन खुंट्या, पायात दोन भोकं, इमारत उचलली की रूळ मोकळे. जमिनीची फट झाकायला सुटी माती आणि वाळलेलं गवत पुरतं.

पुलाने एक नवा प्रश्न उभा राहतो, त्याची तयारी ठेवा. रुळाचं भोक झाकलं, पण आता रस्ता देखाव्याच्या मागच्या रंगवलेल्या पडद्याला जाऊन धडकतो. तिथे रस्त्याचं चित्र काढून तो पुढे गेल्यासारखा दाखवायचा मोह होतो. एका जागेवरून ते चित्र जुळतं, दोन पावलं बाजूला झालं की तुटतं. त्यापेक्षा रस्त्याला पडद्याच्या तीन इंच अलीकडे हलका चढ द्या आणि चढाच्या माथ्यावरच एका दुमजली घराच्या मागे वळवा. पुलावर लाल एसटी उभी करा. अकरा मीटरची बस एचओत साडेबारा सेंटिमीटर होते, ती एकटीच बरीच नजर अडवते. आणि कठड्याला फ्लेक्स लावा, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे, मोठ्या फोटोंचे. आपल्या गावात पुलाचा कठडा फ्लेक्सशिवाय दिसतच नाही. घरच्या प्रिंटरवर छापा, उन्हात चार दिवस ठेवा, रंग बरोबर उतरतो. पुलावरचा भगवा-निळा फ्लेक्स डोळा वर ओढून घेतो आणि खालच्या अंधाराकडे लक्ष कमी जातं.

दुसऱ्या टोकाला मात्र पूल परत नको. एकाच स्टेशनच्या दोन्ही बाजूंना तसेच पूल असले की सजावट वाटते. तिथे वेगळी युक्ती करा. गाडीच्या आणि बघणाऱ्याच्या मधे काहीतरी आणा. माझ्याकडे कुर्डुवाडीच्या बाजूला रुळाला समांतर रेल्वे क्वार्टर्सची ओळ आहे, तीन दुमजली इमारती, मधे दोन-दोन इंचाच्या फटी. गाडी त्यांच्या मागून जाते. पहिल्या फटीत डबा पूर्ण उंचीचा दिसतो, दुसरीत कपडे वाळत घातलेत म्हणून अर्धाच, तिसऱ्या इमारतीपुढची जागा कडुनिंबाने भरलीय. भोक त्या झाडाच्याही मागे आहे. बघणाऱ्याला ते सापडलंच नाही तर त्याला सजवायची गरज उरत नाही. उसाचा फड लावावा असं पुष्कळांना वाटतं. फड जरूर लावा, पण तीन मीटरचा ऊस एचओत साडेतीन सेंटिमीटर आणि डबा साडेचारच्या वर, म्हणजे उसाने रूळ आणि भोकाची खालची कड झाकते, गाडी झाकत नाही. दहा-बारा मीटरचं कडुनिंब बारा-चौदा सेंटिमीटर होतं, ते खऱ्या अर्थाने कामाचं.

हे सगळं लेआउट किती उंचीवर आहे यावर फार अवलंबून आहे. जेवणाच्या टेबलाच्या उंचीवर ठेवला तर वरून सगळी फसवणूक उघडी पडते. माझा जमिनीपासून १२८ सेंटिमीटरवर आहे. मुलांसाठी खाली एक पाट ठेवलाय.

तुमच्या फोटोत स्टेशनमधून एक साइडिंगही, म्हणजे मेन लाइनपासून फुटलेली बाजूची लाइन, बाहेर जाते. तिच्यासाठी सोलापुरात दुसरं काही शोधायचंच नाही, कापड गिरणी बांधा. फळीला लागून तीन-चार सेंटिमीटर खोलीची चपटी इमारत, वर करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, खाली कंपाउंडची भिंत आणि लोखंडी फाटक. वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, फाटकातून आत ढकलल्या जातात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. साइडिंग सरळ असेल तर ४५ मिलिमीटर रुंद फाटक पुरतं. एक्स्प्रेस मात्र गिरणीच्या फाटकातून कधी पाठवू नका. गिरणी म्हटलं की चिमणी आलीच, पण ५० मीटरची चिमणी या मापात ५७ सेंटिमीटर होते आणि सगळ्या देखाव्याला खुजं करते. तिला पडद्यावर रंगवा, फिक्या राखाडीत, दूर असल्यासारखी. लेआउट हल्लीच्या काळातला असेल तर गिरणीऐवजी होटगीकडच्या सिमेंट कारखान्यांसारखे सायलो करता येतील. पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि वर सनबोर्डची शेड, एका रविवारी होतात.

सामानासाठी बाहेर कुठे जावं लागत नाही. गौरी-गणपतीची आरास आणि दिवाळीचा किल्ला केलेल्या माणसाला यातलं निम्मं येतं. पुठ्ठा, सनबोर्ड, पीओपी, फेविकॉल. दगडी खांबासाठी सनबोर्डवर पीओपीचा पातळ थर द्या, तो ओलसर असतानाच दाभणाने रेघा मारा, दगडांच्या एका ओळीची उंची साडेतीन मिलिमीटर ठेवा, कारण फूटभर उंचीचा दगड एचओत तेवढाच होतो. झाडांना तुरीच्या वाळलेल्या काड्या उत्तम. माती आपलीच काळी वापरा, पण एक गोष्ट विसरू नका. आपली काळी माती बेसाल्टची, तिच्यात लोहखनिजाचे बारीक कण असतात. चाळलेली माती पेपरवर पसरून तिच्यावरून कागदात गुंडाळलेलं चुंबक फिरवा. कागदाला काळी मिशी फुटल्यासारखे कण उभे राहतात. ते काढले नाहीत तर एक दिवस इंजिनाच्या मोटरमधे जाऊन बसतात.

दिव्याचंही बघा. फिडल यार्डाच्या बाजूला ट्यूब चालू असली तर कितीही चांगला पूल खालून उजळतो. भोकाच्या पलीकडून काळं सुती कापड पट्ट्या कापून सोडा, गाडी त्यातून सहज जाते. पट्ट्या पेंटोग्राफमधे अडकणार नाहीत इतक्या आखूड ठेवा.

जागा फारच कमी पडत असेल तर बार्शी लाइटचा विचार करा. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीला निघालेली, तेव्हा ७६२ मिलिमीटर गेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) असलेली ही लाइन १९०६ मधे पंढरपूरला, १९११ मधे लातूरला पोचली. एचओच्या मापात तिचं ते जुनं गेज पावणेनऊ मिलिमीटर भरतं, म्हणजे एन गेजचे ९ मिलिमीटरचे रूळ जवळपास तंतोतंत बसतात. डबे लहान, वळणं लहान, भोकही लहान. दोन बाभळी आणि एक कडब्याची गंज एवढ्यावर ते झाकलं जातं.

पूल कायमचा बांधायच्या आधी चपलांच्या खोक्याचा कच्चा पूल करा आणि आठवडाभर तसाच ठेवून गाड्या चालवा. खांब कुठे सरकवायचा, झाड कुठे हवं, हे त्या आठवड्यात कळतं. खोका ठेवलेल्या अवस्थेतला एक फोटो बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवरून काढून मला पाठवा, तुमच्या पुलाचा कोन किती ठेवायचा ते त्यावरून सांगतो.