आवाज तुटतोय तो कोडेकमुळे नाही

तुमची अडचण थोडक्यात अशी: दुकानात चार जुने बटणवाले फोन चार पोर्टच्या एटीएला (साध्या फोनचा आवाज इंटरनेटवरून पाठवणाऱ्या डबीला) जोडलेत, ब्रॉडबँडचा अपलोड १ एमबीपीएस. समोरच्याचा आवाज तुम्हाला स्वच्छ येतो, तुमचा मात्र त्याला तुटक जातो. बँकेच्या आयव्हीआरवर (‘अमुकसाठी एक दाबा’ सांगणाऱ्या यंत्रावर) एक आकडा दाबला की दोनदा जातो. म्हणून कोडेक, म्हणजे आवाजाचे आकडे करायची पद्धत, बदलू का, जी.७११ काढून कमी जागा घेणारी जी.७२९ लावू का, असं विचारताय. इतक्यात नको.

एटीएत शिरल्या शिरल्या आवाजाचा साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचा भाग फिल्टर कापतो. तो कापावाच लागतो, कारण पुढे मोजणी सेकंदाला ८००० वेळाच होते. न कापता मोजलं तर ५००० हर्ट्झचा सूर ३००० हर्ट्झचा होऊन बसतो. (‘स’चा बराचसा जोर त्या कापलेल्या भागात असतो. फोनवर ‘साठ’ की ‘आठ’ हा घोळ होतो त्यामागे हेही एक कारण. एटीएला बोल लावू नका.) दर १२५ मायक्रोसेकंदाला एक मोजमाप, ते ८ बिटांत. हळू आवाजाला बारीक पायऱ्या आणि मोठ्याला ढोबळ, म्हणून ८ बिटांत भागतं. भारतात या पायऱ्या ए-लॉ नावाच्या पद्धतीच्या, तेव्हा कोडेकच्या यादीत पीसीएमए (जी.७११चं ए-लॉ रूप) सर्वांत वर ठेवा. पीसीएमयू हे अमेरिका-जपानकडचं.

८००० गुणिले ८ म्हणजे ६४ केबीपीएस, पण तारेवर जास्त जातं. एटीए २० मिलिसेकंदांचा आवाज गोळा करतं, तो होतो १६० बाइट. त्यावर पॅकेट नीट पोचावं म्हणून लागणारी वेष्टनं: आरटीपीचे १२, यूडीपीचे ८, आयपीचे २०. झाले २०० बाइट, आणि अशी सेकंदाला ५० पॅकेटं: ८० केबीपीएस. इथरनेटचं वेष्टन धरून ८७. चारही फोन एकदम चालू असले तरी ३५०च्या आसपास. जी.७२९ लावलंत तर आवाज २० बाइटवर येईल, पण डोक्यावरचे ४० बाइट तसेच राहतील. बचत होईल, पण जागा कमी पडतच नव्हती.

खरी भानगड रांगेची आहे. दुकानातला एखादा मोबाइल फोटोंचा बॅकअप घेत असतो, नाहीतर सीसीटीव्ही क्लाउडवर चढत असतो. १५०० बाइटचं एक पॅकेट १ एमबीपीएसवरून जायला १२ मिलिसेकंद लागतात. अशी दहा पुढे उभी असली की तुमचा आवाज १२० मिलिसेकंद ताटकळतो, पुढच्या क्षणी रांग रिकामी, मग पुन्हा भरलेली. पलीकडचा जिटर बफर (आलेली पॅकेटं थोडा वेळ थोपवून सारख्या गतीने सोडणारी जागा) थोडा मागेपुढे सांभाळून घेतो, पण फार उशिरा आलेलं पॅकेट फेकून देतो. समोरच्याला ऐकू येतात ती ही भोकं. डाउनलोडच्या बाजूला गर्दी नाही, म्हणून तुम्हाला सगळं छान वाटतं.

राउटरच्या क्यूओएसमध्ये (कोणाला आधी सोडायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) अपलोडची मर्यादा ८५० केबीपीएस घाला, एटीएच्या आयपी पत्त्याला सर्वांत वरचा अग्रक्रम द्या आणि एटीएमध्ये आरटीपीचा डीएससीपी (पॅकेटवरची अग्रक्रमाची खूण) ४६ करा. मर्यादा टाळून नुसता अग्रक्रम देणारे बरेच असतात. मग रांग मोडेममध्ये लागते आणि तिथे राउटरचं कोणी ऐकत नाही. तपासायला एक मोठी फाइल अपलोडला लावा आणि एकीकडे पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) बघा. आकडा शंभराच्या वर उड्या मारत असेल तर मर्यादा आणखी ५०ने खाली आणा.

आता दोनदा जाणारे आकडे. ५ दाबला की फोन ७७० आणि १३३६ हर्ट्झचे दोन सूर एकत्र काढतो. एटीए त्याची वेगळी सूचना आरएफसी २८३३ पद्धतीने पाठवतंय आणि मूळ सूरही आवाजातून गळतोय. पलीकडे दोन्ही मोजले जातात. डीटीएमएफच्या (बटणांच्या सुरांच्या) सेटिंगमध्ये फक्त आरएफसी २८३३ ठेवा, इनबँड (आवाजातूनच सूर पाठवणं) बंद करा, पेलोड टाइप (त्या सूचनेच्या पॅकेटांचा ओळख क्रमांक) दोन्ही टोकांना सारखाच हवा, बहुधा १०१. इनबँड चालू ठेवून जी.७२९ लावलं असतंत तर सूरच विद्रूप झाले असते आणि आकडे दोनदा जाण्याऐवजी गाळले गेले असते.

वायरिंगला हात लावालच, तर टेलिफोनची जुनी लाइन चुकूनही फोनच्या पोर्टात खुपसू नका. तो एफएक्सएस (फोन जोडायचा) पोर्ट, स्वतःच ४८ व्होल्ट आणि घंटीचा दाब देतो. एक्स्चेंजकडूनही तेच आलं की पोर्ट जळू शकतो. लाइन घ्यायची तर एफएक्सओ (एक्स्चेंजची लाइन जोडायचा) पोर्ट असलेलं यंत्रच लागेल.