के-ड्रामातली मयतं आणि आपलं रडणं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, सगळ्यांनी डोकं खाल्लं म्हणून 'रिप्लाय १९८८' ही कोरियन सिरियल लावली. दुसऱ्याच भागात त्यातल्या डोक-सन या मुलीची आजी जाते, पोरं रडत रडत गावी पोचतात आणि बघतात तर काय, बाप पाहुण्यांसोबत हसतोय, दारू पितोय! मला इतका राग आला की बंदच केलं. तिकडे खरंच असं असतं का?

उत्तर : अगं चुकीच्या जागी बंद केलंस! डोक-सनलाही तुझ्याएवढाच राग येतो, तिथूनच तर भाग सुरू होतो खरा. कोरियात मयताचे विधी साधारण तीन दिवस चालतात आणि घरातल्या कर्त्या माणसाला त्या तीन दिवसांत येणाऱ्या प्रत्येकाचं बघावं लागतं. माणसं येतात, पांढऱ्या पाकिटात पैसे देतात, फोटोसमोर दोनदा वाकतात, मग घरच्यांना एकदा, आणि मग जेवायला बसतात. ते लाल तिखट सूप दिसतं ना प्रत्येक सिरियलीत, युकगेजांग, ते तेच. सोजू म्हणजे तिकडची दारूही असते, फक्त ग्लासाला ग्लास लावत नाहीत. पूर्वी हे सगळं घरीच व्हायचं, आता बहुतेक हॉस्पिटलला लागून हॉल असतात तिथे होतं. पाहुणे रात्ररात्र थांबून सोबत करतात, मग गप्पा होणार, हसूही येणार. तर बाप निर्दय वगैरे काही नाही, त्याला रडायला वेळच मिळालेला नाही. रात्री बापाचा अमेरिकेतला थोरला भाऊ दारात येतो आणि पुढे काय होतं ते मी सांगणार नाही, रुमाल घेऊन बस.

मला विचारशील तर या लोकांची हातोटीच ही आहे, माणूस जातो तेव्हा नाही रडवत, नंतर कुठल्यातरी फालतू कामात रडवतात. 'अवर ब्लूज' या सिरियलमधला (२०२२, जेजू बेटावरची, स्पॉइलर आहे हां, नको असेल तर पुढच्या प्रश्नावर जा) डोंग-सोक आईवर वर्षानुवर्षं खार खाऊन आहे, तिच्या हातचं खातसुद्धा नाही. आईला कॅन्सर. शेवटी ती त्याच्यासाठी त्याच्या आवडीचं दोएनजांगचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचं) कालवण करून ठेवते आणि जाते. ना माफी मागणं ना भाषण, नुसतं मांडून ठेवलेलं जेवण, आणि डोंग-सोकचं काम करणारा ली ब्योंग-हनसारखा धिप्पाड गडी लहान पोरासारखा कोसळतो. किम हे-जा त्यात आईचं काम करते, बोलते अगदी मोजकं, पण नजर हटत नाही तिच्यावरून.

प्रश्न : बाबा गेल्यापासून त्यांचं कपाट उघडायची हिंमत होत नाहीये. मैत्रीण म्हणते 'मूव्ह टू हेवन' बघ. बघू का? आणि असं काम खरंच कोणी करतं का?

उत्तर : हो करतात, गेलेल्या माणसाची खोली आवरून देणाऱ्या कंपन्या आहेत तिकडे, आणि ही सिरियल (२०२१) अशाच कामात आयुष्य घालवलेल्या किम से-ब्योल यांच्या लेखनावरून सुचलेली आहे. गु-रु नावाचा मुलगा आणि जेलमधून सुटलेला त्याचा काका दुसऱ्यांच्या खोल्या आवरतात. गु-रु आधी गेलेल्या माणसाला नाव घेऊन सांगतो की आता तुमचं सामान हलवायला सुरुवात करतोय, आणि मग जपण्यासारख्या चार वस्तू एका पिवळ्या बॉक्समध्ये ठेवतो. पण नीट ऐक, गु-रुचा बाप पहिल्याच भागात जातो, अचानक. तुझी जखम ताजी असेल तर पहिला भाग एकटीने रात्री नको बघू. एकूण दहाच भाग आहेत आणि बहुतेक भागांत वेगळ्या माणसाची गोष्ट आहे, त्यामुळे मधे आठवडाभर थांबलीस तरी धागा तुटत नाही.

तेवढंही झेपेलसं वाटत नसेल तर आधी 'माय मिस्टर' बघ. सुरुवातीचे भाग अंधारे आणि संथ आहेत, कंटाळा येईल, येऊ दे. आणि कपाट राहू दे बंद, कोणाला घाई आहे?