‘वॉकर’ हे इंग्रजी आडनाव कुठून आलं? त्याचा चालण्याशी काही संबंध आहे का?

तुमच्या ऑफिसातला वॉकर आडनावाचा इंग्रज सहकारी सांगतो की त्याचे पूर्वज राजाच्या राखीव जंगलात गस्त घालत फिरायचे, म्हणून हे नाव पडलं. ते खरं का, आणि वॉकर लोक मुळात इंग्लंडच्या कुठल्या भागातले, असा तुमचा प्रश्न आहे.

जंगलाची गोष्ट बऱ्याच वॉकर घराण्यांत सांगतात. राजाच्या अरण्यात एकेका रखवालदाराकडे जो टापू असे त्याला खरोखरच ‘वॉक’ म्हणत, त्यामुळे ती पटतेही. पण आडनाव तेराव्या शतकातच कागदोपत्री दिसायला लागतं, आणि तेव्हा वॉकर म्हणजे लोकरीचं कापड तुडवणारा माणूस. माझं शिक्षण टेक्स्टाइलचं, नोकरीची काही वर्षं यॉर्कशायरमधल्या एका लोकरीच्या गिरणीत फिनिशिंग खात्यात गेली, त्यामुळे हा धंदा आधी नीट सांगतो. तो कळला की आडनावाचा निम्मा उलगडा आपोआप होतो.

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड बघितलंत तर ते कापड वाटणारही नाही. विरविरीत असतं, धाग्यांमधून पलीकडचं दिसतं. लोकरीतली मेंढीची चरबी त्यात असतेच, शिवाय कातताना लावलेलं तेल किंवा लोणी असतं. हे आधी धुऊन काढायचं आणि मग कापड आटवायचं. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओलावा, ऊब आणि सततचा दाब मिळाला की हे खवले एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. चुकून गरम पाण्यात धुतलेला स्वेटर लहान मुलाच्या मापाचा होऊन जाड होतो, तीच ही क्रिया, फक्त मुद्दाम आणि बेतानं केलेली. कापडाचा पन्हा आणि लांबी चांगलीच कमी होते, पण मिळतं ते वारा-पाऊस अडवणारं घट्ट कापड. पुढे ते लाकडी चौकटींवर आकड्यांना अडकवून, ताणून वाळवायचे.

गिरण्या येण्याआधी हा दाब माणसाच्या पायांचा असे. हौदात किंवा लाकडी कोठीत कापड टाकायचं, वर शिळं मूत्र ओतायचं आणि अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवायचं. मूत्र शिळं झालं की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो चरबी कापतो. वेस्ट रायडिंगमध्ये, म्हणजे यॉर्कशायरच्या पश्चिम भागात, घरोघरचं मूत्र कापडवाल्यांसाठी गोळा करण्याची पद्धत पार एकोणिसाव्या शतकापर्यंत होती. त्यानंतर कापडाला एक खास माती चोळत, ती उरलंसुरलं तेल शोषून घेई. ही माती आपल्याला चांगली ओळखीची आहे: मुलतानी माती. तिचं इंग्रजी नाव याच कारागिरावरून पडलं, ‘फुलर्स अर्थ’. सरेमधल्या नटफील्डला तिच्या मोठ्या खाणी होत्या, आणि देशातला कापडधंदा बाहेर जाऊ नये म्हणून एके काळी ती परदेशी पाठवायलाही बंदी होती.

जुन्या इंग्रजीत ‘वेअल्कन’ म्हणजे घोळसणं, उलटंपालटं करणं. त्यावरून हे काम करणारा तो ‘वेअल्करे’, पुढे वॉकर. ‘वॉक’चा पायी चालणं हा अर्थ रूढ झाला तो त्यानंतर. म्हणजे आडनाव जुन्या अर्थाला धरून राहिलं आणि भाषा पुढे निघून गेली. म्हणूनच आजच्या वॉकरांनाही आपलं नाव चालण्यावरून आलं असं वाटतं.

मला या आडनावात सगळ्यात जास्त रस वाटतो तो पुढच्या गोष्टीमुळे. याच कामाला इंग्लंडात एक नाही, तीन नावं होती, आणि तिन्हींची आडनावं झाली. उत्तर इंग्लंड, मिडलँड्स आणि स्कॉटलंडचा सखल भाग इथे वॉकर. आग्नेय इंग्लंड आणि ईस्ट अँग्लिया, म्हणजे ससेक्स, केंट, सफक, नॉरफक, इथे फुलर; हा शब्द लॅटिन ‘फुल्लो’वरून आला. आणि नैर्ऋत्येला डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉलकडे टकर. हा तिसरा शब्द ज्या जुन्या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ छळणं, हाल करणं. तुडवून-बडवून काढलेल्या कापडाची अवस्था बघितली तर शब्द चपखल आहे. एक्सेटर शहरात विणकर, टकर आणि कापड कातरणाऱ्यांच्या संघाचं १४७१ सालचं सभागृह अजून उभं आहे, त्याचं नाव टकर्स हॉल. कॉर्नवॉलमध्ये कॅमबोर्नजवळ टकिंगमिल नावाचं गाव आहे, तर लँकेशायर-कंब्रियाकडे वॉक मिल नावाच्या जागा सापडतात. वेल्समध्ये कापड तुडवणाऱ्या गिरणीला ‘पंडी’ म्हणतात, टोनीपंडी या खाणकामगारांच्या गावाच्या नावात तीच आहे.

आता विचार करा. माणूस तोच, हौद तोच, वास तोच. सातशे वर्षांपूर्वी शेजाऱ्यांनी त्याला कुठल्या शब्दानं हाक मारली, एवढ्यावरून आज त्याच्या वंशजांच्या पासपोर्टवर वॉकर, फुलर किंवा टकर छापलं जातं. इंग्लंडच्या बोलींच्या सीमा कुठे होत्या हे पाहायला या तीन आडनावांचा नकाशा एखाद्या भाषाशास्त्रीय पाहणीइतका उपयोगी पडतो. १८८१च्या जनगणनेतली घरं मांडून पाहिली तरी तो स्पष्ट दिसतो: वॉकरांची सर्वांत मोठी संख्या यॉर्कशायरमध्ये, टकर डेव्हन-सॉमरसेटात, फुलर आग्नेयेला. रेल्वे येऊन कित्येक वर्षं झाल्यावरही लोक इतके आपापल्या मुलखाला धरून होते.

नाव पिढीजात कसं झालं, हेही सांगायला हवं. १०६६च्या नॉर्मन विजयाआधी सामान्य इंग्रजाला एकच नाव असे. नॉर्मनांबरोबर जॉन, विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड अशी मोजकी नावं आली आणि ती इतकी पसरली की एका गावात पाच-सहा जॉन सहज भेटत. मग लोहार जॉन, टेकडीवरचा जॉन, विल्यमचा जॉन अशी ओळख सांगणं भाग पडलं. जमीनदाराच्या आणि सरकारच्या कारकुनांनी ती लॅटिन दफ्तरात उतरवली. तिथे आपला माणूस कधी ‘ले वॉकर’ तर कधी नुसता ‘फुल्लो’ म्हणून भेटतो. तेराव्या-चौदाव्या शतकात ही ओळख हळूहळू बापाकडून मुलाकडे जायला लागली, दक्षिणेत लवकर, उत्तरेत उशिरा. १३७७, १३७९ आणि १३८१ साली डोईपट्टी बसली. त्या याद्यांत हा बदल अगदी अर्धवट अवस्थेत पकडला गेलाय: कुणाचं आडनाव आणि धंदा एकच, तर कुणाचं आडनाव एक आणि धंदा भलताच. १५३८पासून प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायची सक्ती झाली, तोवर नावं बहुतेक ठिकाणी पक्की झाली होती.

आपल्याकडची सवय म्हणून आपण लगेच जातीच्या दिशेनं विचार करतो, तो इथे करू नये. वॉकराच्या मुलानं तुडवण्याचंच काम केलं पाहिजे असं बंधन नव्हतं. एकदा नाव चिकटलं की धंदा सुटला तरी नाव राहिलं, एवढंच.

याच कापडधंद्यातून विणकराचा वेब आणि वेबस्टर, रंगाऱ्याचा डायर आणि यॉर्कशायरकडे लिस्टर, कापड कातरणाऱ्याचा शर्मन अशी आडनावांची रांगच लागते. पण सूत कातणाऱ्यांचं नाव त्यात जवळपास नाही. एका विणकराला सूत पुरवायला कितीतरी कातणारे हात लागत, म्हणजे संख्येनं तेच सगळ्यात जास्त. पण ते हात बायकांचे होते, आणि आडनाव चाललं ते बापाचं. ‘स्पिन्स्टर’ हा कातणारीचा शब्द पुढे अविवाहित बाईसाठी कायद्याच्या कागदांत वापरला गेला. आडनावांच्या यादीवरून जुन्या इंग्लंडचे धंदे मोजणाऱ्यांनी ही पोकळी विसरू नये, असं मला फार वाटतं. अर्धी मेहनत त्या यादीत नोंदलेलीच नाही.

आडनावं रुजत होती त्याच काळात पाय मागे पडत होते. टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या पंथानं ११८५ साली आपल्या इंग्लंडमधल्या जमिनींची मोजदाद केली, तीत कापड कुटणाऱ्या पाणचक्क्यांची नोंद आहे. पाण्याच्या चाकावर लाकडी घण आळीपाळीनं उचलले जात आणि हौदातल्या कापडावर आपटत. लँकेशायरमध्ये हेल्मशोअरला अठराव्या शतकाच्या अखेरची अशी एक गिरणी संग्रहालय म्हणून जपली आहे. तिथले घण मी पाहिलेत. माणसाएवढे उंच ओंडके, त्यांची डोकी पायऱ्यापायऱ्यांची कापलेली. त्यामुळे प्रत्येक ठोक्याला कापड दाबलं जातं आणि थोडं वळतंही, म्हणजे पुढचा ठोका नव्या जागी पडतो. माणसाची टाच जे करायची तेच त्या सुतारानं ओळखून लाकडात उतरवलंय. मी मिलिंगच्या, म्हणजे कापड आटवण्याच्या, आधुनिक मशीनवर काम केलंय, तत्त्व अजून तेच आहे.

चक्कीला उतारावरचं वाहतं पाणी लागतं, म्हणून हा धंदा शहरांतून डोंगरी भागाकडे सरकला. पेनाइन डोंगरात ओढे भरपूर आणि पाणी मृदू, लोकर धुवायला उत्तम. पुढे औद्योगिक क्रांतीत लीड्स, ब्रॅडफर्ड, मँचेस्टर याच पट्ट्यात फुगले, तर ईस्ट अँग्लियाचा जुना कापडधंदा उतरणीला लागला. आज वॉकर हे ब्रिटनमधल्या पहिल्या पंचवीस आडनावांत आहे आणि फुलर, टकर बरेच मागे आहेत, त्याचं मोठं कारण माझ्या मते हेच. कुठल्या भागातली माणसं वाढली, त्यावर कुठलं आडनाव वाढलं हे ठरलं.

म्हणून सगळे वॉकर एकाच घराण्यातले, असं मुळीच नाही. गावोगावी कापड तुडवणारे होते, त्यामुळे नाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे पडलं. लेस्टर विद्यापीठात बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रावर झालेल्या अभ्यासात स्मिथसारख्या सर्रास आडनावाच्या पुरुषांत समान पूर्वज सापडत नाही, तर ॲटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावात बहुतेकांचा पूर्वज एक निघतो, असं दिसलं. वॉकर पहिल्या गटात मोडणारं नाव आहे. शिवाय काही वॉकर तुडवणाऱ्यांचे नसतीलही. न्यूकॅसलजवळ वॉकर नावाचं ठिकाणच आहे, रोमन भिंतीलगतच्या दलदलीवरून पडलेलं नाव. स्कॉटलंडच्या गेलिक मुलखात ‘मॅक अन ऊखकदर’ म्हणजे कापड तुडवणाऱ्याचा मुलगा असं नाव होतं. ते इंग्रजीत आधी मॅकन्युकेटर झालं आणि पुढे काहींनी सरळ वॉकर करून टाकलं.

स्कॉटिश वॉकरांशी मराठी माणसाचा संबंध दोनदा आलाय. फाइफ परगण्यातला अलेक्झांडर वॉकर १८०२ साली गायकवाडांच्या बडोद्यात कंपनीचा रेसिडेंट झाला. काठियावाडच्या संस्थानिकांनी खंडणी किती द्यायची हे ठरवणारा १८०७चा करार त्याच्याच नावानं, वॉकर सेटलमेंट म्हणून, ओळखला जातो. दुसरा संबंध एअरशायरमधल्या किल्मार्नकचा. तिथल्या जॉन वॉकरनं १८२० साली वाणसामानाचं दुकान घातलं, त्यातून व्हिस्की आली, आणि त्या व्हिस्कीवरून मुंबईत बस कंडक्टरी केलेल्या बद्रुद्दीन जमालुद्दीन काझींना पडद्यावर जॉनी वॉकर हे नाव मिळालं. बाटलीवरचा ढांगा टाकणारा माणूस १९०८चा. वॉकर म्हणजे चालणारा हा समज जगभर घट्ट करण्यात त्या चित्राचा वाटा मोठा आहे.

अमेरिकेत २०१०च्या जनगणनेत वॉकर ३१व्या क्रमांकावर होतं, सुमारे ५ लाख २३ हजार लोक. त्यातले जवळपास एक तृतीयांश कृष्णवर्णीय आहेत. देशातल्या त्यांच्या प्रमाणाच्या मानानं हा आकडा खूप मोठा आहे आणि त्यामागे गुलामगिरी आहे. १८६५ नंतर मुक्त झालेल्या लोकांना कागदावर आडनाव लागलं तेव्हा कुणी जुन्या मालकाचं धरलं, कुणी आजूबाजूला सर्रास असलेलं निवडलं. लुइझियानात १८६७ साली जन्मलेली सेरा ब्रीडलव्ह केसांच्या औषधांचा धंदा उभारून मॅडम सी. जे. वॉकर म्हणून देशभर गाजली. तिला हे आडनाव नवऱ्याकडून मिळालं. अशा कुटुंबांचा यॉर्कशायरच्या हौदाशी रक्ताचा संबंध शोधणं बहुधा व्यर्थ आहे. त्यांच्यासाठी आडनावाचा इतिहास अमेरिकेतच सुरू होतो, आणि तो तिथूनच सांगितला पाहिजे.

तुमच्या सहकाऱ्याला एकच गोष्ट विचारा: १८८१ साली त्याचं घराणं कुठल्या पॅरिशमध्ये, म्हणजे कुठल्या चर्चच्या हद्दीत होतं? ती जनगणना इंटरनेटवर शोधता येते. यॉर्कशायर, लँकेशायर किंवा डर्बीशायर निघालं तर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याच्या जुन्या नकाशावर जवळच्या ओढ्याच्या काठी ‘वॉक मिल’ किंवा ‘फुलिंग मिल’ दिसते का ते पाहायला सांगा, बऱ्याचदा सापडते. न्यूकॅसलच्या आसपासचं निघालं तर गावाच्या नावाची शक्यता आधी तपासावी. आणि हायलंड्स, म्हणजे स्कॉटलंडचा डोंगराळ गेलिक मुलूख निघाला तर एखाद्या जुन्या नोंदीत मॅकन्युकेटर दडलाय का, हे बघावं लागेल.